‘उद्यापासून’ : मराठी आरोग्यग्रंथांचे वऱ्हाडातून एक वाचन

माझे मोठे भाऊ तीन वर्षांपूर्वी अकोल्यात गेले. अठरा वर्षे मधुमेह आणि शेवटची दोन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तेरावे आटोपल्यावर वहिनींनी त्यांचे पुस्तकांचे कपाट माझ्यासमोर उघडले. म्हणाल्या, “तुमच्या कामाचे असतीन तर घेऊन जा भाऊजी, मी काय करू यायचं?” त्या कपाटात आरोग्य, आहार आणि व्यायाम या विषयांवरची एकोणतीस मराठी पुस्तके होती. काही जुनी, पिवळी पडलेली. काही गुळगुळीत मुखपृष्ठांची, अलीकडची. घरी आणून चाळताना लक्षात आले की त्यांतल्या अकरा पुस्तकांत, कुठल्यातरी पानाच्या समासात, भाऊंच्या नेटक्या अक्षरात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आहे : ‘उद्यापासून’. शब्दाखाली तारीख. पहिली तारीख २००४ मधली, शेवटची २०१९ मधली.

भाऊ आळशी नव्हते. बत्तीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे सायकलने दोन्ही वेळचे अंतर कापले. शाळेला उशीर झाल्याचे कोणाला आठवत नाही. कर्जाचा हप्ता चुकला नाही, मुलींच्या शिक्षणात खंड पडला नाही. तेव्हा ‘इच्छाशक्ती कमी पडली’ हे नेहमीचे उत्तर या माणसाला लागू करायला मन धजत नाही. मग अकरा वेळा ठरवलेले अकरा वेळा का सुटले? भाऊ पुस्तकांना पुरे पडले नाहीत, की पुस्तके भाऊंना?

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. एका जिनिंग कारखान्यात हिशेब लिहीत आलो आणि सुटीच्या दिवशी अकोला-अमरावतीच्या वाचनालयांत बसून मिळेल ते वाचत आलो. त्यामुळे या ग्रंथांतले वैद्यक तपासण्याचा अधिकार मला नाही. पण ग्रंथ हा ग्रंथ असतो. तो कोणाशी बोलतो, वाचकाला कुठे उभे करतो, काय गृहीत धरतो आणि कशाचा उल्लेखही करत नाही, हे सामान्य वाचकालाही विचारता येते. साहित्याच्या समीक्षेने या प्रचंड खपाच्या लेखनाकडे कधी गंभीरपणे पाहिले नाही. कथा-कवितांपेक्षा जास्त घरांत पोचणारे हे गद्य आहे. त्याचे वाचन इथे करतो आहे, आणि तेही वऱ्हाडात बसून. कारण ते का, हे पुढे कळेल.

भाषेने आधीच सांगितलेले

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत सवय ‘लागते’. ती कोणी ‘बनवत’ नाही. वळण ‘लावतात’, म्हणजे लावणारे दुसरे कोणीतरी असते, आई, गुरुजी, वस्ताद. एखादी गोष्ट ‘अंगवळणी पडते’, म्हणजे ती मनात ठरत नाही, अंगाला वळण पडते. नेम ‘धरतात’ आणि ‘पाळतात’. तो आपल्याआधीपासून असतो, एकादशीसारखा, वारीसारखा. या चारही शब्दप्रयोगांत एकटा माणूस निश्चयाच्या बळावर स्वतःला घडवतो असे चित्र कुठेच नाही. दुसरा माणूस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि पुष्कळ दिवस, एवढे मात्र प्रत्येकात आहे.

भाऊंच्या कपाटातली गेल्या वीस वर्षांतली पुस्तके याउलट ‘सवय निर्माण करा’, ‘ध्येय निश्चित करा’, ‘स्वतःला प्रेरित ठेवा’ या भाषेत बोलतात. बरीचशी अनुवादित आहेत. जी मूळ मराठी आहेत तीही अनुवादाच्या मराठीत लिहिलेली. मला हा फरक केवळ शैलीचा वाटत नाही. पहिल्या भाषेत सवय चार माणसांच्या मधली गोष्ट आहे, दुसऱ्या भाषेत ती एका डोक्यातली. आणि डोक्यातली गोष्ट सुटली की दोषही त्याच डोक्याचा.

यातल्या बहुतेक पुस्तकांत भेटणारा ‘एकवीस दिवसां’चा मंत्र याच जातीचा आहे. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातले ‘किमान’ पुढे गळले आणि चेहऱ्याची गोष्ट व्यायामाला चिकटली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणे, पिणे आणि हालचाल यांच्या साध्या रोजच्या सवयींचा ९६ जणांवर अभ्यास केला. तो २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता आणि मधला आकडा ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. भाऊंच्या एका पुस्तकात एकवीस चौकोनांचा तक्ता छापलेला आहे. त्यात चौदा चौकोनांवर खुणा आहेत, पंधरावा रिकामा, आणि त्यापुढे काहीच नाही. एक दिवस चुकला म्हणजे सगळे संपले, असे त्या तक्त्याने त्यांना शिकवले असावे.

अमरावतीची माती

शरीराविषयीचे मराठी लेखन मुळात असे नव्हते. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. शरीरसाधनेवर एवढा मोठा कोश काढावा असे तेव्हाच्या मराठी समाजाला वाटले, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांत नेले. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेच्या मापात तपासायला सुरुवात केली. या सगळ्यांच्या मागे आधी संस्था होती, मग पुस्तक.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आमच्या अमरावतीत आहे. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली आणि कबड्डी जगासमोर मांडली. अमरावतीकर ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने बर्लिनपेक्षा रोजचे मैदान महत्त्वाचे आहे. तालमीच्या भाषेत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात आणि शरीर ‘कमावतात’. तिथे येणाऱ्या पोराला रोज सकाळी स्वतःला काही पटवून द्यावे लागत नाही. मातीचा हौदा तिथे आहे, मल्लखांब तिथे आहे, वेळ ठरलेली आहे. न आलेल्याची चौकशी होते आणि वस्तादाची नजर असते. निश्चय एकदाच करायचा, पहिल्या दिवशी दारातून आत जाताना. बाकीचे काम जागा आणि सोबत करते.

मी स्वतः अमरावतीला मामांकडे शिकायला होतो तेव्हा दोन वर्षे एका लहानशा आखाड्यात जात होतो. जोर किती मारले ते आठवत नाही. पण पहाटे पाचला खिडकीखाली येऊन “अबे ऊठ, वस्ताद पाह्यते!” म्हणणारा मित्र आठवतो. तो पुण्याला गेला आणि पंधरा दिवसांत माझा आखाडा सुटला. माझी इच्छाशक्ती त्याच्याबरोबर रेल्वेत बसून गेली नव्हती. हाक गेली होती.

आखाड्याच्या परंपरेची उणीवही सांगितली पाहिजे. तिच्या मूळ कल्पनेतले शरीर तरुण पुरुषाचे आहे, आणि ते राष्ट्रासाठी बळकट करायचे आहे. चाळिशीनंतर गुडघे दुखणारा मास्तर, पोटाचा घेर वाढलेला दुकानदार, घरातली बाई, ही माणसे त्या चित्रात मावत नाहीत. खुराकाच्या गप्पांत दूध, तूप, बदाम येत. दिवसभर निंदण करून रात्री भाकरी खाणाऱ्याचा आहार येत नसे. त्यामुळे ज्या वयात मधुमेह आणि रक्तदाब गाठतात, त्या वयासाठी या परंपरेने फारसे लिहून ठेवले नाही. ‘आम्ही लहानपणी तालमीत होतो’ असे सांगणारे साठीतले कितीतरी गृहस्थ मी ओळखतो. आज त्यांचा व्यायाम त्या आठवणीपुरताच उरला आहे.

आरोग्याचा अध्याय गावात

दुसरी परंपराही याच जिल्ह्यातली. १९०९ मध्ये यावलीला जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले आणि पुढे ‘ग्रामगीता’ लिहिली. वऱ्हाडात ती घराघरांत आहे आणि बहुतेक ठिकाणी देवघरात आहे. तिथे ठेवल्यामुळे ती वाचायची राहून जाते. ‘ग्रामगीते’त आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातला उपदेश इतरत्रही सापडेल. त्याची जागा मात्र इतरत्र सापडत नाही. गावाची शुद्धी आणि गावाची रचना यांच्या शेजारी तो बसवला आहे, आणि त्याचे नावच ‘ग्राम-आरोग्य’ आहे. म्हणजे आरोग्य हे गावाचे असते. माणसाचे आरोग्य त्याच्या पोटात येते. माझ्या मते हा एका शीर्षकात मांडलेला सिद्धान्त आहे. सामुदायिक प्रार्थनेची ठरलेली वेळ, श्रमदान, भजन, ग्रामसफाई यांच्यात त्यांनी रोजच्या वळणाची एक चौकट दिली, आणि ती चौकट एकट्याने पाळायची नव्हती.

गाडगेबाबांचा मार्गही असाच. ते गावात शिरत, आधी खराटा हातात घेत, गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. आधी बोलणे आणि मग करणे हा आपल्या आरोग्यग्रंथांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीच्या परिसरातच त्यांचे निधन झाले. त्यांनी पुस्तक लिहिले नाही. पण आरोग्याचा ग्रंथ म्हणून त्यांची पद्धत वाचली, तर तिच्यातला पहिला धडा असा दिसतो की सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याची जागा आधी बदलावी, मग त्याला बदलायला सांगावे.

या परंपरेची मर्यादा तिच्या सुरात आहे. संतांचा उपदेश रोगाला पुष्कळदा वागणुकीशी जोडतो आणि मग आजारी माणूस चुकलेला माणूस ठरतो. भाऊंना याचा त्रास फार झाला. साखर वाढल्याचा रिपोर्ट ते पगारात काही घोळ केल्यासारखा लपवत. ‘पथ्य पाळले नाही’ या वाक्यात आपल्याकडे निम्मी काळजी आणि निम्मा दंड असतो. जो माणूस लाजतो तो तपासणी टाळतो. आणि ज्या आजारात तपासणीच उपाय आहे, त्यात ही लाज महाग पडते.

डॉक्टरांची पुस्तके

भाऊंच्या कपाटातली सर्वांत जास्त हाताळलेली प्रत डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ची होती. गडचिरोलीत काम करणाऱ्या या डॉक्टरांना चाळिशीच्या मध्यात हृदयविकाराने गाठले, त्याची ही कथा. मराठी आरोग्यलेखनात या पुस्तकाने जे बदलले त्याचे श्रेय त्याच्या निवेदकाला जाते. इथे सांगणारा स्वतः चुकलेला आहे. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झिजणारा माणूस स्वतःच्या शरीराकडे पाहत नव्हता, ही कबुली आधी येते. आहार, चालणे, ध्यान नंतर येतात. वाचकाला दरडावणारा आवाज जातो आणि बरोबरीचा माणूस बोलू लागतो. समासातला ‘उद्यापासून’ या पुस्तकात दोनदा आहे. मला वाटते, याच पुस्तकाने भाऊंना सर्वांत जवळ नेले असावे.

तरी एक गोष्ट वाचताना जाणवते. बंग यांचा बदल त्यांच्या कामाच्या आणि राहण्याच्या जागेत घडतो. ती जागा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली आहे. तिथे झाडे आहेत, समान ध्येयाची माणसे आहेत. ते काही त्यांचे न्यून नाही. पण वाचक मनाचा भाग उचलतो आणि जागेचा भाग सोडून देतो, कारण ती त्याच्याकडे नसते. मग अकोल्याच्या एका वस्तीत, गटाराच्या कडेने, कुत्र्यांच्या टोळीतून पहाटे चालायला निघालेल्या मास्तरांना साक्षात्कार होत नाही आणि ते स्वतःला दोष देतात.

अलीकडची मोठी लाट डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीची. तिची प्रेरणा विदर्भातल्याच डॉ. श्रीकांत जिचकारांची. दिवसात दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचे आणि मध्ये काही खायचे नाही, हे तिचे सूत्र महाराष्ट्रात घरोघरी पोचले. ती कोणाला मानवते, कोणाला नाही आणि गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने काय करावे, हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी सांगायचे. एक वाचक म्हणून मला तिच्या यशाचे कारण तिच्या रूपात दिसते : ती नेमाच्या भाषेत बोलते. काय खाऊ, किती खाऊ याचा दिवसभर विचार करायला न लावता ती सीमा आखून देते, आणि उपवास जाणणाऱ्या समाजाला सीमा कळते. दोघे-तिघे मिळून ती करतात, एकमेकांचे आकडे विचारतात. अनुवादित पुस्तकांना जे जमले नाही ते इथे नकळत जमले.

मात्र या लाटेच्या पुस्तकाच्या नावातला ‘विनासायास’ हा शब्द मला अडतो. सायास नाहीसे होत नाहीत, ते दुसऱ्याकडे जातात. दोन वेळचे ताट ठरल्या वेळेला, ठरल्या प्रकाराने समोर येते ते कोणाच्या हातून?

दोन कपाटे

या प्रश्नाशी आले की मराठी आरोग्यलेखनातली सर्वांत मोठी फट दिसते. भाऊंच्या घरात दोन कपाटे होती. एकात ही एकोणतीस पुस्तके. दुसरे स्वयंपाकघरात, त्यात पोथ्या, हिशेबाची वही आणि कमलाबाई ओगले यांचे १९७० मधले ‘रुचिरा’. मराठीत पाकशास्त्राचीही दीर्घ परंपरा आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. एका कपाटातली पुस्तके पुरुषाला काय खावे हे सांगतात, दुसऱ्यातली बाईला कसे करावे हे सांगतात. दोन्ही कपाटांतली पुस्तके एकमेकांशी कधी बोलत नाहीत. आरोग्यग्रंथातले ‘आहारात हिरव्या भाज्यांचे प्रमाण वाढवा’ हे वाक्य कर्ता लपवून लिहिलेले असते. निवडणारी, धुणारी, चिरणारी त्यात नाही. भाऊंनी प्रत्येक ‘उद्यापासून’ स्वतःच्या नावाने लिहिला; पण त्यातला निम्मा नेम वहिनींना पाळायचा होता आणि त्यांना तो विचारलेला नव्हता. मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्या हसल्या. “विचारलं असतं तं मी नाही म्हनली नसती. पन मंग मलेई बसा लागलं असतं ना त्यायच्यासंग जेवाले.” भाऊ सातला जेवत. वहिनी सगळ्यांचे झाल्यावर, साडेनऊला, उरलेले. त्यांची साखर कोणी तपासली नव्हती. भाऊंनंतर तपासली; तीही वाढलेलीच निघाली.

जे ताटातून गेले

आता वऱ्हाडात बसून वाचण्याचे कारण. प्रत्येक नवे पुस्तक, विशेषतः २०२३ चे भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून, सांगते की आजी खात होती ते खा, ज्वारी खा. इथल्या आज्या ज्वारीच खात होत्या. भाकर, बेसन, ठेचा, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, जवसाची चटणी, ज्वारीच्या कण्या. ही यादी कोणा आहारतज्ज्ञाला दाखवली तर तो खूश होईल. पण ती मागे पडली ती कोणाची जीभ बिघडल्यामुळे नव्हे.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, पण खरिपातली संकरित ज्वारी कणसात दाणा भरताना पाऊस लागला की बुरशीने काळी पडते, आणि काळ्या ज्वारीला भाव नाही. पुढे सोयाबीन आले. साडेतीन महिन्यांत निघते आणि दिवाळीच्या तोंडाशी हातात रोख पैसा येतो. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि कडब्याची गरज उरली नाही. ज्वारी अर्धी कडब्यासाठीच पेरली जात असे. पाखरे राखायला माणूस मिळेना, उरलेल्या तुकड्यावर रोही आणि रानडुकरे तुटून पडू लागली. शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ आले. पोळी पूर्वी पाहुण्याची होती, ती रोजची झाली. गरिबी हटल्याची ती खूण होती आणि ती खूण लोकांना प्रिय होती, यात हसण्यासारखे काही नाही. अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, ज्वारीवर तिथे पुष्कळ काम झाले आहे. तरी आज त्याच अकोल्याच्या दुकानात चांगली ज्वारी घ्यायला गेलो की रेशनचा गहू आठवतो. म्हणजे ‘ज्वारी खा’ हा सल्ला वाचकाला दिलेला असला तरी त्याचे उत्तर पीकपद्धतीत आहे.

पाण्याचेही तसेच. ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य एकोणतीसपैकी बहुतेक पुस्तकांत आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालचे पाणीच खारे आहे. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षे येत आहेत. आमचे मूळ गाव त्याच पट्ट्यातले. भाऊ वयाच्या वीस वर्षांपर्यंत तिथल्या विहिरीचे पाणी प्यायले. त्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने गेली असे डॉक्टर म्हणाले, आणि ते बरोबरच असणार. मी त्यावर वेगळा निष्कर्ष लादत नाही. मी एवढेच म्हणतो की ‘भरपूर पाणी प्या’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खारपाणपट्टा नव्हता. तसेच ‘सायंकाळी तीस मिनिटे चाला’ लिहिणाऱ्याने मे महिन्यातला अकोला पाहिलेला नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेल्या दिवशी संध्याकाळी सातलाही रस्ता भाजत असतो. इथे चालायला पहाटच लागते, आणि पहाटे नळाला पाणी येते, म्हणजे घरातल्या बाईचे चालणे गेले.

हा केवळ वऱ्हाडाचा हट्ट नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. दहा कोटी लोकांची इच्छाशक्ती एकाच काळात ढासळली असे मानायचे, की त्यांचे ताट, काम, रस्ता आणि दिवस एकाच काळात बदलले असे मानायचे? दुसरे मानले तर पुस्तकाचा पत्ता बदलावा लागतो. ‘तुम्ही’ म्हणून ज्याला हाक मारायची तो एकटा वाचक पुरत नाही. घर, गल्ली, ग्रामपंचायत, नगरपालिका यांनाही हाक मारावी लागते. ‘ग्राम-आरोग्य’ या शीर्षकात ते होते.

पुस्तकाकडून अपेक्षा

याचा अर्थ माणसाच्या हाती काहीच नाही असा नव्हे. तसे मानणारा लेख मला लिहायचा नव्हता. भाऊंच्या बाबतीत ते आणखी एक निमित्त ठरले असते. मला साखरेच्या उंबरठ्यावर उभे असल्याचे सांगितले गेले त्याला दोन वर्षे झाली. मी या पुस्तकांतून तीनच गोष्टी उचलल्या. शेजारच्या निवृत्त कंडक्टरांबरोबर पहाटे चालतो. एकटा कधीच निघालो नाही. रात्रीचे जेवण आम्ही दोघे नवरा-बायको एकत्र आठच्या आत करतो, आणि आठवड्यातून चार दिवस भाकरी मी थापतो. पहिले दोन महिने ती भारताच्या नकाशासारखी होत असे. तिसरी गोष्ट, चुकलेला दिवस मी कुठे लिहीत नाही. यात शौर्य काही नाही आणि उद्या कंडक्टर मुलाकडे राहायला गेले तर काय, याची मला भीती आहे. म्हणून आता आम्ही तिसऱ्या माणसाला ओढले आहे.

पुढच्या मराठी आरोग्यग्रंथाकडून माझी मागणी साधी आहे. त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाशी बोलावे. वाचक कोणत्या गावात, कोणत्या पाण्यावर, कोणत्या पाळीत जगतो हे विचारावे. तक्ता छापायचाच असेल तर रिकाम्या चौकोनाला जागा ठेवावी. आणि पहिल्या पानावर वाचकाला ‘ठरवा’ म्हणण्याआधी ‘कोणाबरोबर?’ असे विचारावे.

वहिनी आता रोज पहाटे चालतात. वस्तीतल्या पाच बायका आहेत. शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतात. नळाची वेळ सांभाळायला पाळी लावली आहे : ज्या घरी नळ आधी येतो तिथे एक जण थांबते आणि चौघींच्या घागरी भरते. पाचवीचे घर वरच्या मजल्यावर आहे, तिला फाटकातून नाव घेऊन हाक मारतात. पुस्तक त्यांतल्या एकीनेही वाचलेले नाही. गेल्या महिन्यात मी भाऊंची पुस्तके परत नेऊन दिली तेव्हा वहिनींनी एक उघडले, समासातला तो शब्द आणि तारीख पाहिली, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मले सांगाचं होतं ना यायनं. मी आवाज देल्ला असता.”